हॅलिमूसची यादी

अथेन्सच्या दक्षिणेला समुद्रकाठी आलिमोस नावाचं उपनगर आहे. प्राचीन काळी ते हॅलिमूस. इ.स.पू. ३४६-४५ साली अथेन्सने हुकूम काढला की प्रत्येक गावाने आपली नागरिकांची यादी एकेक नाव घेऊन तपासावी. हॅलिमूसच्या सभेने त्यात युक्सिथिओस नावाच्या माणसाला वगळलं आणि तो दाद मागायला न्यायालयात गेला. बिहारच्या २०२५ च्या मतदारयादी पुनरीक्षणात मसुदा यादीबाहेर राहिलेली सुमारे ६५ लाख नावं आणि महाराष्ट्रातला दुबार नावांचा वाद अथेन्समधून वाचताना मला हा खटला फार जवळचा वाटतो.

मायदेशी लोकशाहीची जननी ग्रीस की भारत यावरही हिरिरीने भांडतात. तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरच्या दहाव्या शतकातल्या शिलालेखात चिठ्ठ्या काढून सभासद निवडण्याचे नियम आहेत. अथेन्सची पाचशेंची सभाही चिठ्ठीनेच निवडत. पण चिठ्ठीवर कुणाचं नाव लिहायचं, हे आधी ठरावं लागतं. खरी सत्ता तिथे असते.

अथेन्सच्या राज्यात अशी १३९ गावं होती. गावाला म्हणायचे डेमॉस. मुलगा १८ वर्षांचा झाला की गावकरी शपथ घेऊन मत देत: वय भरलं आहे का, जन्म स्वतंत्र आणि कायदेशीर आहे का. अथेन्सचा नेता पेरिक्लीस याच्या इ.स.पू. ४५१ च्या कायद्यानंतर आई आणि वडील दोघंही अथेनी असावे लागत. ही नोंद गावच्या प्रमुखाकडे राही, राजधानीत तिची दुसरी प्रत नसे. युक्सिथिओसच्या गावची जुनी यादी तर एकदा हरवली होती, आणि ती हरवली तेव्हा गावप्रमुख होता त्याच्या शत्रूचा, युबुलिडीसचा, बाप.

अथेन्सचा प्रसिद्ध वक्ता डेमॉस्थेनीस याने युक्सिथिओससाठी लिहिलेलं भाषण उरलं आहे. बाजू एकतर्फी आहे, हे लक्षात ठेवूनच वाचावं. तरी तपशील बघा. सभा गावात न भरवता शहरात भरवली. युबुलिडीसने भाषणं आणि ठराव यांतच दिवस घालवला. ७३ जणांनी शपथ घेतली आणि मतदान सुरू झालं ते संध्याकाळी. युक्सिथिओसचं नाव जवळपास साठावं, त्या दिवशीचं शेवटचं. तोवर अंधार पडला होता. गाव ३५ स्टेडिया, म्हणजे सहा-साडेसहा किलोमीटर लांब, त्यामुळे म्हातारी माणसं घरी निघून गेली होती. मागे राहिले फार तर तीस जण आणि मोजणीत मतं निघाली साठाच्या वर. एकेकाच्या हातात दोन-दोन, तीन-तीन मतगोट्या दिल्या होत्या, असं तो सांगतो.

आक्षेप काय होते? बापाची बोली परकी वाटते. त्याचं उत्तर: बाप युद्धात पकडला गेला, लेफकास बेटावर विकला गेला, कित्येक वर्षांनी सुटून आला, म्हणून बोली बदलली. दुसरा आक्षेप आईवर. ती बाजारात फिती विकायची आणि पूर्वी दुसऱ्याच्या घरी दाई होती, म्हणजे अथेनी नसणार. गरिबीने ही कामं करायला लावली, असं तो म्हणतो. शिवाय बाजारातल्या धंद्यावरून नागरिकाला किंवा नागरिक स्त्रीला हिणवण्याला कायद्याने मनाई होती.

आईचा मुद्दा मला सर्वांत बोचतो. नागरिकत्व आईकडूनही येणार, पण गावच्या यादीत बाईचं नावच नाही. मग पुरावा कसला? भाऊबंद, मामेभाऊ, लग्नाचे साक्षीदार. आपल्याकडेही लग्नानंतर बाईच्या नावातलं मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं होतं, आडनाव बदलतं, कधी स्वतःचं नावही. सासरच्या यादीतली सुनंदा आणि माहेरच्या जुन्या यादीतली शकुंतला एकच, हे सांगणारा कागद अनेक घरांत नसतो. जुन्या यादीशी नातं जुळवून दाखवा म्हटलं की पहिली अडकते ती हीच बाई.

न्यायालयाची रचना मात्र गावसभेच्या नेमकी उलट होती. वर्षासाठी ३० वर्षांवरचे ६,००० नागरिक नोंदले जात आणि रोज सकाळी त्यांतून पंच निवडत. अ‍ॅगोराच्या, म्हणजे प्राचीन बाजारचौकाच्या, संग्रहालयात पंच निवडायच्या दगडी यंत्राचा तुकडा ठेवला आहे. खाचांच्या रांगाच रांगा. खाचेत प्रत्येकाची नावाची पट्टी बसायची आणि बाजूच्या नळीतून पांढरे-काळे गोळे पडायचे. पांढरा पडला की ती आख्खी आडवी रांग आत, काळा पडला की घरी. कोण कुठल्या खटल्याला बसणार हे आदल्या रात्री कुणालाच माहीत नसे, त्यामुळे लाच द्यायची तरी कुणाला? मत द्यायला कांस्याच्या दोन चकत्या, एकीचा आस पोकळ, दुसरीचा भरीव. टोकं अंगठा आणि बोटाने झाकून धरली की शेजाऱ्यालाही कळत नसे. पोकळ मत आरोप करणाऱ्याला, भरीव समोरच्याला.

पण दाद मागण्याची किंमत भयंकर होती. गावचा निर्णय मुकाट मानला तर माणूस परदेशी रहिवासी होई. न्यायालयात जाऊन हरला तर गुलाम म्हणून विकला जाई. अशा भीतीने किती जण गप्प बसले असतील!

आजचा ग्रीस या बाबतीत मला बरा वाटतो. नगरपालिकेला अजून डिमोस म्हणतात, नागरिकांची कुटुंबवार नोंद तिच्याकडे असते आणि मतदारयादी त्या नोंदीतून आपोआप बनते. नाव घालायला अर्ज लागत नाही. परक्यांच्या बाबतीत मात्र हात आखडता. इथेच जन्मून शिकलेल्या स्थलांतरितांच्या मुलांना नागरिकत्वाची नीट वाट २०१५ च्या कायद्याने मिळाली. परदेशी रहिवाशांना स्थानिक निवडणुकीत मत देणारा २०१० चा कायदा इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०१३ मध्ये घटनाबाह्य ठरवला. प्राचीन काळी परदेशी पुरुष वर्षाला १२ द्राख्मा कर भरून सभेबाहेर उभा राही. आजचा इथला भारतीयही कर भरतो आणि मतदानाच्या दिवशी घरी बसतो.

यादी तपासूच नये, हे मला पटत नाही. मेलेल्यांची आणि दुबार नावं काढलीच पाहिजेत. पण महिन्याभरात कोट्यवधी लोकांकडून अर्ज भरून घेणं म्हणजे हॅलिमूसची संध्याकाळच आहे. वगळलेली नावं कारणासह जाहीर करा, हे ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. ते पहिल्या दिवसापासून व्हायला हवं होतं. नाव आधीपासून यादीत असेल तर ते पडताळूनच घातलं आहे असं धरून चालावं, काढण्याआधी नोटीस आणि कारण द्यावं, असं त्याच न्यायालयाने १९९५ मध्ये लाल बाबू हुसेन खटल्यात सांगितलं आहे. अथेन्समध्ये तरुणाला गावाने नाकारलं आणि तो न्यायालयात गेला, तर गावाला आपल्यातली पाच माणसं आरोप सिद्ध करायला निवडून पाठवावी लागत. युक्सिथिओसच्या खटल्यातही आधी बोलले ते आरोप करणारे.