टीम बांधावी तर तारकर्लीला

टीम बांधणं ऑफिसात बसून होत नाही, त्यासाठी तारकर्लीच गाठावी लागते. शनिवार-रविवार धरून जा, कामाचा दिवस कशाला बुडवायचा? सगळ्यांना एकाच रंगाचे टी-शर्ट द्या, मापं न विचारता. जेवताना तुम्हाला सुरमई, त्यांना बांगडा, आणि मग ‘आपण सगळे एक कुटुंब’ हे भाषण.

पहिल्या सत्रात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी 1965 साली मांडलेल्या टीम घडण्याच्या पायऱ्या दाखवा: माणसं आधी जमतात, मग भांडतात, मग रुळतात, मग कामाला लागतात. तुम्ही मात्र दुसऱ्या पायरीवरच मुक्काम ठोका. कोणी रुळतंय असं दिसलं की एकाची बदली करा आणि दुसऱ्याला टीम लीडर नेमा. पगार तोच, हे काय सांगायला हवं?

दुपारी रस्सीखेच. इथे रिंगेलमान या फ्रेंच शेती-इंजिनिअरचं नाव टाका. दोरी ओढणाऱ्यांचा जोर मोजून त्याने 1913 साली छापलं की माणसं वाढतात तसा माणशी जोर घटतो. आठजण मिळून ओढतात तेव्हा तो जेमतेम निम्मा राहतो. ‘बघा, कामचुकारपणा विज्ञानानेच सिद्ध केलाय’ एवढंच सांगा. सगळे एकाच क्षणी जोर लावत नाहीत, ताल जुळत नाही, हे त्याने दिलेलं मुख्य कारण गिळून टाका. ताल जुळवणं कोणाचं काम, असा प्रश्न उगाच निघतो.

रस्सीखेचीची जागा मात्र नीट बघा. पलीकडेच रापण ओढत असतील तर घात झाला. होडीने अर्धगोलात जाळं सोडलेलं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, दोन्हीकडे माणसांची रांग. कोणाच्या गळ्यात आयकार्ड नाही, तरी टाचा एकदमच वाळूत रुततात. कारण साधं आणि तुमच्या दृष्टीने फार वाईट आहे: मासळी वर आली की वाटे पडतात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. (तुमच्याकडे बोनसचं पाकीट बंद असतं, ते बरंच आहे.)

म्हणून टीमला समुद्राकडे पाठ करून उभं करा. तरी एखादा अकाउंट्सवाला गंमत म्हणून तिकडच्या दोराला हात लावतोच. मग कोणी म्हातारा त्याला म्हणतो, “हात लावलंस मा? मगे तुझो वाटो घेवन जा.” तो पिशवीत चार पेडवे घेऊन परतला, तर बसमध्ये चढू देऊ नका. वास येतो म्हणावं.