मालक, चाकं घासू नका, आधी हे वाचा

नमस्कार मालक, आमच्या मॉडेल गाड्यांच्या दुकानाला तुम्ही दिलेला एक स्टारचा रिव्ह्यू बघून डोकं फिरलं होतं, खोटं कशाला बोलू, पण दोन दिवस जाऊ दिले आणि आता लिहितोय. तुमचं म्हणणं असं की स्टार्स्की अँड हच मालिकेतली पोलीस गाडी म्हणून ११५० रुपये घेतले आणि साधी लाल गाडी दिली, त्यावर ना पोलीस लिहिलंय ना लाईट आहे, बोटाएवढी आहे, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत यापेक्षा मोठी पन्नासात मिळते, पॅकिंगचा कोपरा दुमडलेला, वर दुकानदार पोरावर ओरडला. आणि चाकं हिरवी, म्हणजे डिफेक्टिव्ह पीस, म्हणून घरी मार्करनं काळी केली.

हे शेवटचं वाचून मी खुर्चीवरून उठलो की ओ.

अहो ती डिफेक्टिव्ह नव्हती. ही गाडी बनवणारी ग्रीनलाईट कंपनी मोजक्या पीसना मुद्दाम हिरवी चाकं लावते, कधी खालचा बेसपण हिरवा करते, आणि नेहमीच्या मालात न सांगता सोडून देते. ग्रीन मशीन म्हणतात त्याला, कलेक्टर लोक त्यासाठी रॅक उपसतात, दुप्पट तिप्पट देऊन घेतात. चूक आमचीच, त्या दिवशी गड्ड्याची गर्दी, भाच्यानं रॅकवरचा पीस उचलला आणि साध्या रेटनं बिल मारलं, मी चष्मा लावून बघितलंच नाही. विकली ती विकली, परत मागत नाही, पण आता ती काळी चाकं काढायच्या नादात थिनर लावू नका, प्लॅस्टिक विरघळतं. नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नको. दुकानात घेऊन या, इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हळूहळू पुसून बघतो, बराचसा मार्कर निघतो, पैसे घेणार नाही.

आता पोलीस का लिहिलं नाही ते. स्टार्स्की अँड हच ही अमेरिकेतली मालिका, १९७५ ते १९७९, त्यातले दोघं साध्या वेशातले डिटेक्टिव्ह, म्हणून गाडीवर काहीच लिहिलेलं नाही. लाईटची गरज पडली की खिडकीतून हात काढून तो टपावर ठेवायचे, काम झालं की आत. आता साध्या वेशातला पोलीस टोमॅटोसारख्या लाल गाडीला एवढा मोठा पांढरा पट्टा मारून फिरतो, नवी पेठेत शिरला तरी पार्क चौकातला माणूस ओळखेल, हे मलापण पटत नाही, पण गाडी तशीच होती आणि लोकांनी तिलाच डोक्यावर घेतलं. १९७६ मध्ये फोर्डनं त्याच रंगाच्या हजारएक खऱ्या ग्रॅन टोरिनो, म्हणजे मालिकेतलंच मॉडेल, विकायला काढल्या होत्या. म्हणजे तुमच्या गाडीवर पोलीस लिहिलेलं असतं तर ती नकली ठरली असती.

बोटाएवढी म्हणालात तर खरी गाडी जवळजवळ साडेपाच मीटर, मॉडेल तिच्या ६४ पट लहान, म्हणून भागिले ६४ करा, साडेआठ सेंटीमीटर येतात, पट्टी लावून बघा. गड्ड्यातली गाडी प्लॅस्टिकची असते, मागं ओढून सोडायची, पोरांना तीच भारी वाटते आणि त्यात काही चुकीचं नाही. ही जस्ताच्या मिश्रधातूची, बाहेरून येते, खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० ला २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ ला ७०. रेट मी हौसेनं वाढवत नाही.

कोपरा कुरिअरमध्ये दुमडला होता, ते बिलाआधी सांगायला पाहिजे होतं. शंभर रुपये परत देतो.

पोराचं. ओरडलो, खरंय, नको होतं. त्याच्या हातात होती ती कॉर्गी कंपनीची, कोजॅक मालिकेतली ब्युइक गाडी, सत्तरच्या दशकातली, विकायची नाही, माझी स्वतःची. (कोजॅक म्हणजे तो टकल्या डिटेक्टिव्ह, तोंडात कायम लॉलीपॉप.) ती फरशीवरून भिंतीकडे सुसाट निघालेली बघून तोंडातून निघून गेलं. काउंटरवर ठेवली हीच माझी चूक, आता कपाटात कुलपात आहे. त्याला सांगा काका सॉरी म्हणाले.

आणि डोक्यावर लाईट, दारावर शिक्का असलीच हवी असेल तर ॲडम ट्वेल्व्हची काळी पांढरी बघा, १९६८ ते १९७५ ची अमेरिकन पोलीस मालिका, त्यातली गाडी आधी प्लिमथ, नंतर एएमसी मॅटाडोर. आली की फोन करतो. सीआयडीची क्वालिस पण विचारली होती तुम्ही, ती माझ्याकडे आजपर्यंत आलेली नाही, शिवाजी साटमांची ती गाडी कुणी नीट बनवली तर पहिली मी घेणार, दुसरी तुमची.

आणि पुढं पॅक गाडी घेतली तर उन्हात खिडकीत ठेवू नका, आपल्याकडं एप्रिल मे मध्ये पारा बेचाळीस त्रेचाळीसला जातो, पुठ्ठ्यावरचा गोंद सुटून वरचं प्लॅस्टिकचं कव्हर निघून येतं. आणि तो हिरव्या पीसचा पुठ्ठा कचऱ्यात गेला नसेल तर गाडीबरोबर तोपण घेऊन या.