टॅपेट कव्हरच्या ब्लास्टिंगबद्दल आलेल्या कमेंटला उत्तर

नमस्कार, कमेंट नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की मी टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या सगळ्यात वरच्या झाकणाच्या) कामाचा उगाच बाऊ केलाय, कव्हर काढायचं, ग्लास बीड ब्लास्टिंग (काचेच्या बारीक मण्यांचा मारा करून जुना रंग उडवणं) आणि पावडर कोट (भट्टीत भाजून बसवलेला पावडरचा रंग) करून आणायचं आणि बसवून टाकायचं, स्ट्रिपर (जुना रंग सोडवणारं केमिकल) लावून ब्रशने घासत बसायची गरजच काय. पावडर कोट साध्या पेंटपेक्षा जास्त टिकतो हे मान्य, पण ब्लास्टिंगच्या बाबतीत मी ठाम आहे.

कव्हर उलटं करून बघा. आत पत्र्याची किंवा प्लास्टिकची एक प्लेट दिसेल, तो बॅफल. क्रँककेसमधले (इंजिनाच्या खालच्या पोटातले) गॅस त्याच्या मागून वळणं घेत जातात, तेलाचे थेंब आतच गळून पडतात आणि बाकीचं पीसीव्ही नावाच्या झडपेतून इनटेकला, म्हणजे इंजिनात हवा शिरते त्या वाटेला जातं. बऱ्याच इंजिनांत हा बॅफल रिव्हेट मारून बसवलेला असतो, म्हणजे मागची पोकळी साफ करायला हातच पोचत नाही. ब्लास्टिंगचे मणी तिथे शिरून जुन्या तेलकट काजळीला चिकटतात, मग कितीही धुवा, हवा मारा, थोडे राहतातच. इंजिन तापलं की तेल त्यांना सोडवतं आणि ते पडतात थेट कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा). तिथे बऱ्याच हेडमध्ये (हे कव्हर ज्यावर बसतं तो इंजिनाचा भाग) वेगळं बेअरिंग नसतं, कॅम सरळ ॲल्युमिनियमवर फिरतो, चरे पडले की अख्ख्या हेडचा प्रश्न येतो. "फिल्टर आहे ना" असं तुम्ही लिहिलंय, पण फिल्टर ऑईल पंपाच्या नंतर असतो हो, पंपाच्या आधी नुसती जाळी, आणि बारीक मणी तिच्यातून सहज जातात, त्यामुळे पहिला मार पंपालाच बसतो. हाय आरपीएमला पळवायच्या इंजिनाशी असा खेळ मला पटत नाही.

बॅफल स्क्रूचा असेल तर गोष्ट वेगळी, तो काढा, सगळी भोकं बंद करा, मग खुशाल ब्लास्टिंग करा, नंतर आत-बाहेर धुवून घ्या. पावडर कोटच्या आधी कव्हर एकदा पावडर न मारता, रिकामंच भट्टीत तापवायला सांगा, कारण कास्टिंगच्या बारीक छिद्रांत तेल मुरलेलं असतं, १८०-२०० डिग्रीला ते बाहेर येतं आणि कोटिंगला फोड येतात. होंडाच्या टाईप आर गाड्यांवर असतं तसं लाल रिंकल (सुरकुतलेलं) फिनिश हवं असेल तर स्प्रेचे जाड कोट आणि वरून सारखी उष्णता, पातळ मारलं तर सुरकुत्याच येत नाहीत. गॅस्केट बसते त्या कडेवर मात्र रंगाचा कणही नको, तेल तिथूनच झिरपतं आणि एक्झॉस्टवर टपकायला लागलं तर धूर सोडा, आगीची भीती असते.

टॉर्क रेंचवरही तुम्ही आक्षेप घेतलाय. कव्हरचे हे बोल्ट बहुतेक एम ६ चे (६ मिमी जाडीचे), टॉर्क (आवळायचा जोर) साधारण ८ ते १२ न्यूटन मीटर, म्हणजे फारच कमी, नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये बघायचा. हाताच्या अंदाजाने आवळलं की हेडमधले आटे जातात किंवा कव्हर वाकतं. मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जायचं, दोन टप्प्यांत.

आणि एक, तुम्ही इंजिन कुठलं ते लिहिलं नाहीये. काही परफॉर्मन्स इंजिनांची कव्हर मॅग्नेशियमची असतात, त्यांना ॲसिडवालं क्लीनर चालत नाही आणि घासताना उडणारी पूड पेट घेऊ शकते. इंजिनचा कोड आणि कव्हरच्या आतल्या बाजूचा फोटो टाका, बॅफल निघण्यासारखा आहे का ते बघून सांगतो, तोवर कव्हर ब्लास्टिंगला देऊ नका प्लीज.