जामीनही त्याच वादळात

‘गटातल्या बायका एकमेकींना जामीन असतात, त्यामुळे कर्ज बुडत नाही’ हे बायकांच्या गटांना मिळणाऱ्या छोट्या कर्जांवरच्या लेखातलं विधान पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर टिकणारं नाही. शेजारणीचा हप्ता आपण भरायचा, हे ती एकटीच अडचणीत असेल तेव्हा जमतं. मार्च २०१५ मध्ये वानुआटूवर ‘पॅम’ चक्रीवादळ आदळलं, पुढच्या फेब्रुवारीत ‘विन्स्टन’ने फिजीला झोडपलं. अशा वेळी एकीची केळीची बाग आडवी, दुसरीचं शिलाई मशीन खाऱ्या पाण्यात, तिसरीच्या दुकानाचे पत्रेच उडालेले. कोण कोणाचा हप्ता भरणार?

फिजीत २०२१ साली सुरू झालेल्या पॅरामेट्रिक सूक्ष्मविम्याचा (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या छोट्या विम्याचा) लेखात उल्लेखही नाही, याचं नवल वाटलं. त्यात वादळाची तीव्रता ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की भरपाई मिळते, घरोघरी पंचनामा करत बसावं लागत नाही. हा विमा कर्जाच्या हप्त्यालाच जोडायला काय हरकत आहे? आणि व्याज जास्त म्हणून कर्ज देणाऱ्या संस्थांना झोडण्याआधी (तेही थोडं खरं आहेच) जरा नकाशा बघा. वानुआटूत सुमारे ८० बेटं आहेत. दहा जणींचे हप्ते गोळा करायला माणूस बोटीने जातो, आणि समुद्र खवळलेला असेल तर तसाच परत येतो. डिझेलचे पैसे मात्र गेलेलेच असतात.