वाक्याचा रकाना कुणी कापला?

आज दुपारी भाचीने एका कागदाचा फोटो पाठवला आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाहीये. क्लासमधून मिळालेली ॲडव्हान्स्ड व्होकॅब्युलरीची लिस्ट आहे, रोज पन्नास शब्द. तीन रकाने. शब्द, अर्थ, विरुद्धार्थी शब्द. खाली तिचा मेसेज, "मावशी, आधीच्या बॅचच्या लिस्टमध्ये चौथा रकाना होता, एक्झाम्पल सेंटेन्सचा. सरांनी या वर्षी काढला. वेळ खातो म्हणाले, परीक्षेत वाक्य विचारत नाहीत."

वेळ खातो!

मी लिस्ट झूम करून बघितली आणि नेमकी नजर गेली तिसऱ्या ओळीवर. पार्सिमोनियस. अर्थ, पैसे जपून खर्च करणारा. विरुद्धार्थी, एक्स्ट्रॅव्हॅगंट. त्याच्या दोन ओळी खाली फ्रुगल. अर्थ, पैसे जपून खर्च करणारा. विरुद्धार्थी, एक्स्ट्रॅव्हॅगंट. म्हणजे तीन रकान्यांच्या हिशोबाने हे दोन शब्द जुळे भाऊ. कुठलाही वापरा, काही फरक पडत नाही.

फरक पडतो. मला माहितीये किती पडतो ते.

पहिल्या नोकरीत असताना आमचे साहेब रिटायर होणार होते. ग्रीटिंग कार्डावर दोन शब्द लिहायचं काम माझ्याकडे आलं कारण "हिचं इंग्लिश चांगलं आहे". मीही तेव्हा अशाच लिस्ट पाठ करायचे, वहीच्या वहीभर, आणि मला त्याचा अभिमान होता. साहेबांचं साधं राहणं सगळ्यांनाच माहीत होतं, म्हणून मी त्यांच्यासाठी एक भारदस्त शब्द शोधला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, ही इज अ पार्सिमोनियस मॅन. सेंडऑफला ते कार्ड एकाने मोठ्याने वाचून दाखवलं. ज्यांना शब्द माहीत होता त्यांचे चेहरे बदलले, ज्यांना नव्हता त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघत होते.

निरोपाच्या कार्डात, सगळ्यांसमोर, मी त्या माणसाला चिक्कू म्हटलं होतं.

आता कुणी म्हणेल की अर्थ तर बरोबरच होता ना. हो, हाच तर मुद्दा आहे! अर्थ बरोबर होता. विरुद्धार्थी शब्दही बरोबर होता. आणि तरीही मी चुकले. आपल्या भाषेत आपल्याला हे किती सहज कळतं बघा. काटकसरी, चिक्कू, कवडीचुंबक, तिघेही पैसे जपूनच खर्च करतात आणि तिघांच्याही विरुद्ध बाजूला उधळ्याच उभा असतो. पण सासरेबुवांची ओळख करून देताना कवडीचुंबक कोण म्हणेल? कुणी लिस्ट दिली नव्हती आपल्याला. आपण ते शब्द वाक्यात ऐकलेत, कुणाच्या तरी तोंडून, कुणाबद्दल तरी, त्या त्या सुरात. तो सूर शब्दाला चिकटून आला. इंग्लिश शिकताना तेवढाच सूर आपण कापून टाकतो आणि वर म्हणतो वेळ वाचला.

चाइल्डिश आणि चाइल्डलाइक घ्या, दोन्हीचा अर्थ 'लहान मुलासारखा' असाच लिहावा लागेल. एक शिवी आहे, दुसरं कौतुक. एक बालिश, एक निरागस. कसं शिकवणार तुम्ही हे तीन रकान्यांत? टेनेशस माणूस चिवट आणि ऑब्स्टिनेट माणूस हेकट, दोघंही हातातलं सोडत नाहीत, फरक फक्त बोलणाऱ्याला त्याचं कौतुक आहे की राग आहे यात. टॅसिटर्न म्हणजे कमी बोलणारा, ठीक आहे, पण मितभाषी की घुमा? मी सांगते, घुम्याच्या जास्त जवळचा. हे तुम्हाला वाक्य वाचल्याशिवाय कळणार नाही, आणि एक वाक्य वाचूनही नाही, चार तरी वाचावी लागतील.

आणि विरुद्धार्थी शब्दांचं तर वेगळंच. मला स्वतःला विरुद्धार्थी शब्दांतून शिकायला आवडतं, खोटं कशाला बोलू. बेनेव्होलंट आणि मॅलेव्होलंट एकत्र शिकलं की दोन्ही कायमचे बसतात, लॅटिनमधलं बेने म्हणजे चांगलं, माले म्हणजे वाईट, आणि मागचा भाग इच्छेचा, एक भलं चिंतणारा एक वाईट चिंतणारा, झालं, आयुष्यात परत विसरायचं नाही. पण हा हिशोब सगळीकडे लावायला गेलात की तोंडावर आपटता. इन लावलं की उलटं होतं म्हणून इनव्हॅल्युएबल म्हणजे कवडीमोल समजणारी माणसं मी पाहिलीत, प्रत्यक्षात तो अनमोल असतो, इतका मौल्यवान की किंमतच करता येत नाही. इनफ्लेमेबल वाचून "पेट घेत नाही" असं समजलात तर जीवावर बेतेल, कारण फ्लेमेबल आणि इनफ्लेमेबल दोन्ही पेटतातच. डिसइंटरेस्टेड म्हणजे कंटाळलेला नाही, ज्याचा स्वतःचा काही स्वार्थ गुंतलेला नाही असा. न्यायाधीश डिसइंटरेस्टेड हवा, अनइंटरेस्टेड नको, एका अक्षरगटाने खटला फिरतो. आणि सँक्शन? मंजुरी पण तोच आणि निर्बंध पण तोच, म्हणजे शब्द स्वतःच स्वतःच्या विरुद्ध. याचा विरुद्धार्थी कुठल्या रकान्यात भरणार आहेत सर?

शिवाय उलट म्हणजे तरी काय. डेड आणि अलाइव्हच्या मध्ये काही नसतं, हे नाहीतर ते. पण हॉट आणि कोल्डच्या मध्ये कोमट आहे, गार आहे, सगळी शिडी आहे. एक्स्ट्रॅव्हॅगंटच्या विरुद्ध बाजूलासुद्धा अशीच शिडी आहे आणि तिच्यावर फ्रुगल वेगळ्या पायरीवर आणि पार्सिमोनियस वेगळ्या. मला तेव्हा फक्त बाजू माहीत होती. पायरी माहीत नव्हती.

हे सगळं मला नंतर कळलं, त्या कार्डानंतर. त्या रात्री मी घरी येऊन मोठी डिक्शनरी उघडली. चांगल्या डिक्शनऱ्या अशा शब्दासमोर चक्क लिहितात की हा नापसंती दाखवायला वापरतात. माझ्या वहीत ते कुठेच नव्हतं. वहीत फक्त 'जपून खर्च करणारा' होतं, स्वच्छ अक्षरात, खाली दोन रेघा मारून.

गंमत नाही सांगत, राग येतो म्हणून सांगते, की ज्यांनी आयुष्य घालवून डिक्शनऱ्या केल्या त्यांना वाक्याची किंमत कळत होती. सॅम्युअल जॉन्सनने 1755 साली डिक्शनरी काढली तर त्यात एक लाखाहून जास्त अवतरणं घातली, लेखकांची, कवींची, शब्द कसा चालतो ते दिसावं म्हणून. आणि त्याच जॉन्सनने नेटवर्क या साध्या शब्दाची, म्हणजे जाळीची, जी व्याख्या केलीये ती वाचा एकदा, त्यात रेटिक्युलेटेड, डिकसेटेड, इंटरस्टिसेस असले शब्द आहेत, ज्याला जाळी माहीत नाही त्याला ते काय कळणार. इतका मोठा माणूस, त्याचीही व्याख्या कधीकधी अशी थकते. पुढे ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीसाठी तर तिचा संपादक जेम्स मरेने सर्वसामान्य वाचकांना आवाहन केलं की पुस्तकं वाचा आणि शब्द जिथे सापडेल ते वाक्य चिठ्ठीवर उतरवून पाठवा. लाखो चिठ्ठ्या आल्या. पहिला भाग 1884 ला निघाला आणि काम पुरं झालं 1928 मध्ये, तोवर जेम्स मरेला जाऊन तेरा वर्षं झाली होती. माणसं पोस्टाने काय पाठवत होती? व्याख्या नाही. वाक्यं! आणि आमचे सर म्हणतात वाक्य वेळ खातं.

बरं, मान्य, परीक्षा जवळ आली की लिस्टशिवाय इलाज नसतो आणि नुसता ओळखीचा झालेला शब्दही वाचताना मदत करतो. मान्य. पुढे.

व्याख्या वाईट आहे असं मी म्हणतच नाहीये. सोपी व्याख्या म्हणजे केवढं मोठं काम आहे. लाँगमन या प्रकाशनवाल्यांनी 1978 साली शिकणाऱ्यांसाठी डिक्शनरी काढली तेव्हा स्वतःला बंधन घालून घेतलं की सगळे अर्थ साधारण दोन हजार सोप्या शब्दांतच सांगायचे. मला हे वाचून भरून आलं होतं खरंच. कुणीतरी समोरच्याचा विचार केला. पण व्याख्या तुम्हाला दारापर्यंत सोडते, आत कोण राहतं ते वाक्य दाखवतं. कॉज या साध्या शब्दाचंच बघा, त्याचा अर्थ 'घडवून आणणे' एवढाच, पण इंग्लिशमध्ये हा शब्द बहुतेक वेळा वाईट गोष्टींच्या सोबत दिसतो, डॅमेज, ट्रबल, पेन, डिले. तुम्ही 'यू कॉज्ड माय सक्सेस' लिहिलंत तर व्याकरण बरोबर, अर्थ बरोबर, आणि वाचणारा मात्र क्षणभर थबकतो. पाऊस हेवी असतो, वारा स्ट्राँग असतो, उलट केलंत तर कुणी मारणार नाही, पण ऐकणाऱ्याला कळतं की ही वहीतून बोलतेय.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. कारण त्या कार्डाचा शेवट मी कधी कुणाला सांगितला नव्हता.

सेंडऑफ संपला, लोक पांगले, मी माझ्या टेबलाशी मान खाली घालून बसले होते. साहेब आले. हातात तेच कार्ड. त्यांनी माझ्याच पेनस्टँडमधलं पेन घेतलं, पार्सिमोनियसवर एक बारीक रेघ मारली आणि वर लिहिलं, फ्रुगल. मग म्हणाले, "तुला हे म्हणायचं होतं ना?" मी नुसती मान हलवली. मी विचारलं, "सर, तुम्हाला कसं कळलं?" त्यांनी कार्ड उलटं केलं आणि मी खाली लिहिलेल्या दोन ओळींवर बोट ठेवलं. तिथे मी साध्यासुध्या इंग्लिशमध्ये लिहिलं होतं की तुम्ही स्वतः इतकी वर्षं एकच छत्री वापरलीत आणि आमच्या शिपायाच्या मुलाची फी भरलीत, कुणाला न सांगता, पण आम्हाला कळलं.

"पुढची वाक्यं वाचली की," म्हणाले, "शब्द चुकलाय हे कळतंच."

आणि कार्ड घडी करून खिशात ठेवलं.

तो चौथा रकाना, सर. तो होता तो.

भाचीला संध्याकाळी फोन केला. मी तावातावाने सगळं बोलले, ती शांतपणे ऐकत होती, मग म्हणाली, "मावशी पण रोज पन्नास वाक्यं कशी लिहू गं, बाकीचे विषय पण आहेत." पोरीचं बरोबर आहे. म्हणून आमचं असं ठरलंय की पन्नास शब्द नुसते वाचायचे, पण त्यातले पाच निवडायचे आणि त्या पाचांचीच वाक्यं करायची, आधी डिक्शनरीत दोन-तीन वाक्यं बघून मग स्वतःचं, आणि स्वतःचं म्हणजे ओळखीच्या खऱ्या माणसाबद्दलचं. 'द किंग वॉज पार्सिमोनियस' चालणार नाही, कुठला राजा, कुणी पाहिलाय? घरातलं माणूस घे, मैत्रीण घे, ज्याच्यावर राग आहे तो घे. आणि वाक्य लिहून झालं की विचार, हे त्या माणसाच्या तोंडावर वाचून दाखवता येईल का? येत असेल तर शब्द एका प्रकारचा, येत नसेल तर दुसऱ्या. विरुद्धार्थी शब्द घालून तेच वाक्य परत लिहायचं आणि कोण डोळ्यांसमोर येतं ते बघायचं. रात्री मला पाठवायचं.

आत्ता पावणेदहाला तिचं पहिलं वाक्य आलं. आई इज फ्रुगल, बट नेव्हर व्हेन आय ॲम सिक.

मी ते माझ्या बहिणीला पाठवलं. तिचं इंग्लिश बेताचं आहे. तिने फोन करून विचारलं, "फ्रुगल म्हणजे काय गं?" मी म्हटलं, वाक्य परत वाच.

थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "कळलं."