दिवाडी बेटावरून उपाशी परत कसं यावं

आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढा. नाव ‘बेटावरचे बेटे’. त्यात चौदा जण घ्या, म्हणजे ऐनवेळी पाच उरतात आणि एका गाडीत मावतात. महिना जुलैच निवडा. गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्यामुळे ‘सुरमई आजचीच हवी’ म्हणून अडून बसायला याहून चांगला मुहूर्त नाही.

पुणे ते पणजी प्रवासाबद्दल काही सांगत नाही. कोल्हापुरात मिसळीवरून आणि आंबोलीत ड्रायव्हिंगवरून भांडण होतं, एवढं पुरे. दुसऱ्या दिवशी आठला निघायचं ठरवून साडेबाराला जुन्या गोव्याच्या धक्क्यावर पोहोचा.

दिवाडीला पूल नाही. मांडवी ओलांडायला फेरीबोटच. बेटावरून कोकण रेल्वे जाते, पण तिथे तिला थांबा नाही. हा आदर्श डोळ्यांसमोर ठेवूनच गाडी बोटीवर चढवा. काही मिनिटांचा तर प्रवास, पण तेवढ्यात चार रील झाले पाहिजेत. रेनकोट घातलेला, बाजाराची पिशवी सांभाळत स्कूटरवर बसलेला कुणी गावकरी मध्ये आला, तर त्याला ‘भाऊ, जरा बाजूला, फ्रेममध्ये येताय’ असं नम्रपणे सांगा. तो रोज याच बोटीने जातो-येतो, हा त्याचा प्रश्न.

पलीकडे उतरल्यावर दोन्ही बाजूंना खाजन शेती लागते. भरतीचं खारं पाणी बांध घालून अडवायचं आणि मानशीच्या दारांनी ते आत-बाहेर सोडायचं, असा हा जुना उद्योग. तुम्ही ‘वॉव, केरळ!’ म्हणा. नार्व्याच्या बाजूला सप्तकोटेश्वराची मूळ जागा आहे. कदंब राजांचं हे दैवत. पोर्तुगीज काळात देऊळ पाडलं गेलं, देव नदीपलीकडे गेला, आणि तिथलं देऊळ १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी पुन्हा उभारायला लावलं. तुमच्या गाडीच्या मागच्या काचेवर महाराज आहेतच, तेव्हा तिकडे गाडी वळवायचं कारण नाही.

आता मुख्य विषय, लोकल फूड. भूक लागली तरी लगेच जेवू नका. नकाशावर साडेचार ताऱ्यांखालच्या जागेत पाऊल टाकणं मैत्रीला शोभत नाही. हे तारे मोजता मोजता पावणेतीन वाजवा आणि मग पियेदादमध्ये एखाद्या घरगुती खाणावळीचं लोटलेलं दार ठोठवा. अंगात ‘सुशेगाद’ (म्हणजे निवांत) लिहिलेला टी-शर्ट हवाच. दुपारची झोप मोडलेली मावशी म्हणेल, “जेवण सोंपलें.” मग तुमचे चेहरे बघून तिला राहवणार नाही. घरच्यांसाठी ठेवलेला उकड्या तांदळाचा भात, सोलकढी आणि किसमूर देते म्हणेल.

इथे सावध व्हा. पावसाआधी घरोघरी जे पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून ठेवतात, त्यातलीच ही किसमुरातली सुकी सुंगटं, म्हणजे सुकी कोळंबी. तव्यावर कुरकुरीत भाजून चुरायची, त्यात ओलं खोबरं, बारीक कांदा, मिरची आणि थोडी चिंच कालवायची. पहिल्या घासाला खारं लागतं, मग खोबऱ्याचा गोडवा येतो, मग माणूस न बोलता भात वाढून घेतो. हात धुतले तरी बोटांचा वास संध्याकाळपर्यंत जात नाही. एवढा धोका कशाला पत्करायचा? “मावशी, पनीर आहे का?” असं विचारा. नाही म्हणाली तर मॅगी सांगा. (मी पहिल्या खेपेला मॅगीच खाल्ली होती. वर चीजही मागितलं होतं. सल्ला देण्याचा अधिकार असा कमवावा लागतो.)

मॅगीचा फोटो काढू नका. त्याऐवजी शेजारच्या टेबलावर मावशीचा नातू जेवत असेल, त्याच्या ताटाचा काढा आणि खाली ‘ऑथेंटिक गोवन लंच’ असं लिहा.

परतीच्या बोटीच्या रांगेत पाचच्या सुमारास मागून भोंगा ऐकू येईल, पॉं पॉं. सायकलवर पदेर, म्हणजे पाववाला, मागे निळ्या प्लास्टिकखाली टोपली. प्लास्टिक बाजूला केलं की वाफ येते. आत कोंडा भुरभुरलेल्या, फुगलेल्या, आतून पोकळ गव्हाच्या पोया असतात. हातात घेतली तर बोटं भाजतात. पोटात तर मॅगीनंतर काहीच गेलेलं नाही.

काच चार बोटं खाली करा आणि विचारा, “ब्राउन ब्रेड आहे का?”