चाळीस रुपयांचे पर्यावरण

आज दुपारी एका महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात आधार कार्डाची प्रत काढायला थांबले होते. शेजारच्या मुलाने ‘पर्यावरणाचा प्रकल्प द्या’ म्हटले आणि दुकानदाराने मान वर न करता विचारले, ‘पाणीटंचाईचा देऊ का प्लास्टिकचा?’ मुलाने पाणीटंचाईचा घेतला, ४० रुपये दिले आणि तिथेच उभ्याउभ्या पहिल्या पानावर नाव-गाव लिहिले. त्या गावाला दर उन्हाळ्यात टँकर लागतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

तेव्हापासून माझे डोके भणभणले आहे. राग त्या मुलाचा नाही. तो पोलीस भरतीची तयारी करतो आहे आणि या विषयात कुणी नापास होत नाही, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळले असणार. राग आहे तो हीच फाईल तपासून, सही करून, गुण देऊन मोकळे होणाऱ्यांचा. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण शिक्षण सक्तीचे करा असे सांगितले, २००३ साली पुन्हा कान उपटले आणि त्या आदेशांपायी विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. त्यात १०० पैकी २५ गुण क्षेत्रकार्याचे होते, म्हणजे मुलाने आपल्या भागातली नदी, डोंगर, एखादी प्रदूषित जागा स्वतः जाऊन पाहावी आणि लिहावी. त्या पंचवीस गुणांचे आज दुकान झाले आहे.

मी विद्यापीठात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करत असताना प्रबंधासाठी माझ्याच गावातल्या पाण्याचे नमुने घेतले होते. आमच्या घराजवळचा हापसा गोड पाण्याचा म्हणून नावाजलेला; पाहुणा आला की त्याचाच तांब्या पुढे व्हायचा. नायट्रेटच्या चाचणीत पाणी बशीत पूर्ण आटवतात, तळाशी उरलेल्या थरावर फिनॉल डायसल्फोनिक आम्ल घालतात आणि शेवटी अमोनिया घातला की पिवळा रंग चढतो. रंग जितका गडद, तितके नायट्रेट जास्त. शेतातल्या विहिरीचा नमुना जेमतेम पिवळसर झाला आणि आमच्या गोड हापशाचा हळदीसारखा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि हापसा तिच्या कितीतरी वर गेला होता.

कारण शोधायला पुस्तक उघडावे लागले नाही. हापशाच्या वरच्या अंगाला गोठा होता आणि त्याला लागून उकिरडा. आपल्याकडे मातीखाली काळा पाषाण आहे, त्याच्या भेगांतून पाणी मुरते आणि पाण्याबरोबर शेणमूत्र, सांडपाणी, उसाला ओतलेला युरिया हेही मुरते. चव बदलत नाही, वास येत नाही, आणि पाणी उकळले तर आटून नायट्रेटचे प्रमाण उलट वाढते. आजीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘ह्याच पाण्यावर तुझा बाप वाढला की माय.’ मी वाद घातला नाही, मात्र तान्ह्या बाळाच्या वरच्या दुधात हे पाणी गेले तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते, एवढे सांगितले. दुसऱ्या दिवसापासून वहिनीच्या बाळासाठी शेतातल्या विहिरीचे पाणी येऊ लागले. आणायला आजीच जायची.

पर्यावरणशास्त्रातल्या नोकऱ्यांचे म्हणाल तर त्या कमी आहेत, हे मान्य. सेट-नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा पास होऊन तासिका तत्त्वावर राबणारे माझे वर्गमित्र मला रोज दिसतात. शिक्षकांपुढे एकेका वर्गात शंभरावर मुले असतात, हेही मान्य. परंतु मग पर्यावरणशास्त्र शिकलेली माणसे घरी बसलेली असताना हा विषय ज्यांचा तास रिकामा आहे त्यांच्या गळ्यात का मारला जातो, याचे उत्तर कुणी देत नाही.

२०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी लातूरला आले तेव्हा सगळा देश आपल्याकडे पाहत होता. डब्यांचे फोटो निघाले, पाणी किती आले याची रोज बातमी झाली. पाणी किती, हे आपण विचारायला शिकलो. कसे आहे, हे अजून विचारत नाही. आपल्या दारात येणारा टँकर कोणत्या विहिरीवर भरला आणि त्या विहिरीच्या वरच्या अंगाला काय आहे, हे पाहून लिहिण्यासाठी त्या मुलाला कोणत्याही दुकानात जावे लागले नसते. त्याच्याइतके जवळून हे पाहणारा विद्यार्थी मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळांनाही मिळणार नाही, आणि त्याच्या हातात आपण कुणीतरी कधीतरी टाईप केलेली पाने दिली. लिहितानाही संताप होतो.

माझ्या मित्रयादीत बरेच प्राध्यापक आहेत आणि ते हे वाचतील. आपल्या वर्गातल्या मुलांना एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा पावसाळ्यानंतर स्वतःच्या गावातल्या हापशाचे, विहिरीचे, टँकरचे पाणी स्वच्छ बाटलीत आणायला सांगा. बाटलीवर जागा, तारीख आणि आसपास काय आहे ते लिहायला लावा. बाटल्या थंड ठेवून दुसऱ्या दिवसाच्या आत पोचवल्या, तर नायट्रेट, क्षार आणि कठीणपणा तपासून द्यायला मी एकही पैसा घेणार नाही. किती बाटल्या येतील ते आधी कळवा, म्हणजे मला रसायने मागवून ठेवता येतील.